आमची वाटचाल: गाद्यांकडून गळतीकडे

आमचा मूळ धंदा गाद्या शिवण्याचा. मुंबई बंदरात उभ्या राहणाऱ्या २२ ते २६ फुटी शिडाच्या बोटींच्या केबिनसाठी फोम कापायचा, कव्हरं शिवायची, पोचती करायची, एवढंच. पहिल्या पावसाळ्यानंतर बरीच कव्हरं काळे ठिपके घेऊन परत आली. कापडात खोट नव्हती. ओल डेकमधून येत होती आणि आतल्या मिठामुळे जात नव्हती.

तेव्हापासून आमचं काम होज पाइपपासून सुरू होतं. एकजण आत टॉर्च आणि खडू घेऊन बसतो, दुसरा डेकवर. पाणी खालून वर न्यायचं, एकेका फिटिंगवर दहा मिनिटं धरायचं. सगळीकडे एकदम मारलं तर गळती दिसते, पण जागा कळत नाही. पाणी कठड्याच्या खांबाशी शिरतं आणि हातभर पलीकडे टपकतं. खांबांची बुडं, चेनप्लेट (डोलकाठीचे ताणदोर बोटीला बांधणारी धातूची पट्टी) आणि खिडक्या हे नेहमीचे गुन्हेगार. फिटिंग काढायचं, भोक पूर्ण वाळवायचं, ब्युटाइल टेप (रबरासारखी चिकट, मऊ पट्टी) लावून परत बसवायचं. बोल्ट एका दमात आवळू नयेत. ब्युटाइल सावकाश दबतं, म्हणून दोन-तीन दिवस थोडे थोडे आवळावेत. अॅक्रिलिकच्या खिडकीला पॉलिसल्फाइड सीलंट मात्र नको, प्लास्टिकला तडे जातात.

मग गोड्या पाण्याने आतून धुलाई, कप्प्यांच्या तळापर्यंत. मीठ राहिलं की ते हवेतली वाफ ओढतं आणि दुपारी कोरडी वाटणारी केबिन पहाटे पुन्हा ओलसर.

सगळ्यात कटकटीचं काम छताचं. जुन्या रेक्झिनमागचा फोम पिठासारखा झडतो. नवं रेक्झिन चिकटवायचा मोह होतो, पण बंद केबिन उन्हात तापते, एसआर (रेक्झिन चिकटवायचा रबरी गोंद) मऊ पडतं आणि छत लोंबू लागतं. आम्ही तो नाद सोडला. खरवडून रंगवणं स्वस्त आणि टिकाऊ. क्रम महत्त्वाचा: आधी थिनरच्या फडक्याने मेण आणि चिकटा पुसायचा, मगच ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर १२०. उलट केलं तर मेण ओरखड्यांत घासलं जातं आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. अस्तराला दोन भागांच्या इपॉक्सीचे दोन हात, वर मॅट पांढऱ्या पीयूचे (पॉलियुरेथेन रंगाचे) दोन. रंगवायचं क्षेत्र १५ चौ. मी. धरलं आणि लिटरला १० चौ. मी. भरले, तर अस्तर ३ लिटर, रंगही ३ लिटर. पुढची हॅच (डेकवरचं झाकणदार दार) उघडी, पंखा चालू आणि तोंडाला कार्बनचा मास्क. कापडी मास्कने वाफ अडत नाही.

जुलैत रंगकाम घेत नाही. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. आलाच तर थिनरने पुसू नका, तो फक्त पसरतो; साबणाच्या पाण्याने घासून काढा.

कुजलेल्या बंकच्या (झोपायच्या बाकाच्या) फळीला आयएस ७१० या भारतीय मानकाचा १२ मिमी मरीन प्लाय. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा साधा प्लाय) स्वस्त पडतो, पण बोटीत ती बचत महागात जाते. कापलेल्या कडांना इपॉक्सीचे तीन हात हवेतच, पाणी तिथूनच शिरतं. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ ला खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात. पितळी बिजागऱ्या आणि कड्या मुंबईच्या दारुखाना भागातल्या जहाजभंगारात शोधाव्यात. तिथलं जुनं पितळ नव्या मुलामा दिलेल्या मालापेक्षा सरस असतं.

गादी सर्वांत शेवटी. झोपायला ४० घनतेचा (घनमीटरला ४० किलो) १०० मिमी फोम, नुसतं बसायला ७५ मिमी चालतो. फोम कव्हरपेक्षा १० मिमी मोठा कापला तर सुरकुत्या पडत नाहीत. चेन प्लास्टिकची, दोरा पॉलिएस्टरचा. धातूची चेन जाम होते. रेक्झिन पुसायला सोपं, पण उन्हाळ्यात पाठ घामेजते. खालच्या बाजूला जाळीचं कापड, आणि फळीला दर १५० मिमीवर ४० मिमीचं भोक, म्हणजे गादीखाली पाणी साचत नाही. माप टेपने घेत नाही. डावा आणि उजवा बंक क्वचितच सारखे असतात, म्हणून दोन्हींचे कागदी नमुने वेगळे काढतो आणि प्रत्येकावर ‘वरची बाजू’ असं ठळक लिहितो.