काढलास का?

फोनमधली जागा संपली की माणसाला आवराआवर सुचते. परवा दुपारी दोन फोनमधले व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवत बसलो होतो. यादीत आयएमजी ४४१७ दिसला. त्याच्याखाली आयएमजी ई ४४१७. आणि त्याच नावाची, पण एएई शेपटाची एक चिमुकली फाइल, कशातच न उघडणारी.

तो ई एडिटेडचा. मी कितीतरी दिवस ‘एरर’चा समजत होतो आणि बिनदिक्कत उडवत होतो, म्हणजे नेमकं कापून-कोरून नीट केलेलंच. एएई ही तर नुसती चिठ्ठी निघाली : इथून कापा, एवढं उजळ करा. आयफोन मुळाला हात लावत नाही, शेजारी चिठ्ठी ठेवतो. २०१४ सालच्या आयओएस ८ पासूनची ही रीत.

लहानपणी ताईने मला एका फोटोतून कात्रीने कापून काढलं होतं. तिच्या मैत्रिणींच्या कडेला मी जीभ काढून उभा होतो, गुन्हा कबूल. तिथे चिठ्ठीबिठ्ठी नव्हती. माझा तुकडा मी कंपासपेटीत ठेवला. त्यात माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिला होता, मनगटापर्यंतच. तो कुणाचा, यावर आमचं अजून एकमत नाही.

दुसरा फोन अँड्रॉइडचा. त्याची नावं हिशेबी : व्हिडिओचं व्हीआयडी, तारीख, वेळ. कापलं की शेवटी नागमोडी रेघ आणि २. काही ॲप तर नुसता तेरा आकडी नंबर देतात. १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले, तो. असली नावं ठेवणाऱ्याला बारशाला बोलावू नये.

मग ‘लपलेल्या फायली दाखव’ म्हटलं. एक नाव टिंबापासून सुरू होत होतं : ट्रॅश्ड, मग दहा आकडे, मग तेच व्हीआयडी. मला वाटलं, ते आकडे म्हणजे टाकून दिल्याची वेळ असेल. नव्हे, ती कायमची पुसायची वेळ. हिशेब केला, अकरा दिवस उरले होते.

उघडून पाहिली. आई. व्हिडिओ असला तरी ती फोटोसारखीच उभी राहते, श्वास धरून. शेवटी हळूच विचारते, “काढलास का रे?” तेवढे चार सेकंद मीच छाटले होते आणि मूळ टाकून दिलं होतं.

परत आणली. चांगलं नाव द्यावं म्हणून कर्सर नेला, काही सुचेना. व्हीआयडीच राहू दिलं.