मोरीचा जुना बिडाचा पाइप बदलला, माझा अनुभव

आमचं मिरजेचं घर बाबांनी १९८६ साली बांधलं. वरच्या मोरीचं आणि स्वयंपाकघराचं सांडपाणी खाली आणायला मागच्या बोळात चार इंची बिडाचा पाइप तेव्हाच लावलेला, तो आत्तापर्यंत तसाच होता. यंदा एप्रिलमध्ये खालच्या खोलीच्या भिंतीला ओल आली, पोपडे पडायला लागले. पावसाळा असता तर गच्चीवर संशय गेला असता, पण एवढ्या उन्हाळ्यात पाणी येतंय कुठून?

आईने सुचवलं, नीळ घालून बघ. बादलीभर पाण्यात नीळ कालवून तिने वर मोरीत ओतली आणि मी खाली बोळात उभा राहिलो, पाइप समोरून कोरडा ठणठणीत, आणि थोड्या वेळाने मागच्या भिंतीवरून निळा ओघळ हळूहळू खाली उतरायला लागला. पाइप भिंतीला इतका चिकटून की मागे बोट जाईना. मग छोटा आरसा आत सरकवला, मोबाइलचा टॉर्च मारला तेव्हा दिसलं, कॉलरखाली, म्हणजे दोन पाइप जोडतात त्या रुंद तोंडाखाली, वीतभर उभी चीर, आणि सांध्यात पिंपळाचं मूळ शिरलेलं.

आधी मी एपॉक्सीचा गोळा मळून चिरेत दाबून बसवला, पण पाइप ओला आणि गंजलेला, त्यावर तो धरणार कसा, आठ दिवसांत सुटला. मिस्त्रींना बोलावलं तर ते बघताक्षणी म्हणाले, "दादा, बिडाचा पाइप पुढून चांगलाच दिसतो, कुजतो तो भिंतीकडून." खरंच आहे, पुढच्या बाजूला दर चार वर्षांनी ऑइलपेंट लागायचा, मागे ब्रशच पोचत नाही आणि ओल मात्र तिथेच धरून राहते. म्हणून तुकडा न जोडता वरपासून चेंबरपर्यंत सगळाच पाइप बदलायचा ठरला.

त्या दिवशी सकाळी आईने मोरीच्या जाळीवर परात उपडी घालून ठेवली, म्हणजे सवयीने कोणी पाणी ओतायला नको. ग्राइंडर लावायच्या आधी वरच्या भागाला दोर बांधून घेतला, हे प्लीज कोणी टाळू नका, बीड फार जड असतं आणि सुटलं की थेट खालच्या माणसावरच येतं. कॉलर उघडली तर आत झाडूसारखा मुळांचा झुबका, त्यात केस, भाताची शितं, साबणाचा चिकटा, चार इंचाच्या पाइपात पाण्याला जेमतेम इंचभर वाट उरलेली. एवढ्यातून पाणी जात होतं हेच नवल!

नवीन पाइप ११० मिमीचा पीव्हीसी, रबर रिंगवाला. घेताना त्यावर 'टाइप बी' छापलंय का ते बघून घ्या, सांडपाण्याला तोच लागतो, टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी असतो. मिस्त्रींनी पाइपाची कड कानशीने उतरती केली म्हणजे रिंग फाटत नाही, वंगण लावून पाइप पूर्ण आत ढकलला, पेन्सिलने खूण केली आणि मग साधारण १० मिमी मागे ओढून घेतला. मी विचारलं का, तर म्हणाले उन्हात पाइप वाढतो, जागा नाही ठेवली तर वाकतो नाहीतर सांधा सुटतो. ते काम बघायला मला फार आवडलं, माणूस घाई करत नव्हता. खाली चेंबरच्या वर डोअर टी टाकून घेतला, आता तुंबला तर झाकण काढून साफ करता येईल. क्लॅम्प लावताना मी हट्टाने भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवायला लावलं.

संध्याकाळी आईने परात उचलली आणि परत निळीची बादली ओतली. मी आरसा घेऊन बोळात, बाबा चेंबरपाशी. भिंत कोरडी, आणि बाबांनी तिकडून हाक मारली, "आलं रे निळं पाणी!" खोलीला रंग एवढ्यात देत नाही, भिंत आतून नीट वाळू दे, दिवाळीच्या आधी बघू.