हापूस, जांभळं, करवंदं फ्रीजरमध्ये वर्षभर: माझा अनुभव

मे संपत आला की वाशीच्या एपीएमसी फळ मार्केटमध्ये हापूसचा भाव उतरतो आणि माझी घाई सुरू होते, कारण मृग लागला की आई म्हणजे माझ्या सासूबाई घरात आंबा आणू देत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं खरंच आहे, पाऊस पडला की फळमाशी लागते आणि वरून छान दिसणाऱ्या आंब्यात आत अळ्या निघतात. म्हणजे स्वस्त आणि चांगला आंबा एकत्र मिळायचे दिवस थोडेच.

मुलगी शिकायला बाहेर आहे, ऐन सीझनला तिची परीक्षा असते, तिच्या वाट्याला आंबा यावा म्हणून हे सुरू झालं. बाजारचा डब्यातला रस आहेच पण त्यात बहुतेक वेळा साखर असते आणि तो उकळलेला असतो, त्याला घरच्या रसाची चव नाही. आईंच्या माहेरी रत्नागिरीकडे साठं म्हणजे आंबापोळी घालायची, रस आटवून ठेवायची पद्धत, पण त्याला कडक ऊन आणि मोकळं अंगण लागतं, ऐरोलीत तिसऱ्या मजल्यावर कुठून आणायचं. आई पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं फ्रीजरातलं म्हणजे शिळंच ना?" मी म्हटलं, "आई, एकदा खाऊन बघा, मग सांगा."

आता मुख्य गोष्ट. आंबा पूर्ण पिकलेलाच घ्यायचा, फ्रीजरमध्ये गेल्यावर तो पिकत नाही, जसा गेला तसाच बाहेर येतो. पेटी आणली की मी रोज बघते, देठाजवळ वास भरला आणि बोटाला किंचित मऊ लागला की तेवढेच काढते, एकदम सगळे कधीच करत नाही. आणि साका! हापूसचा हा त्रास बाहेरून अजिबात कळत नाही, कापल्यावर कोयीजवळ पांढरट फुसफुशीत गर दिसतो. म्हणून रस करायचा असला तरी मी प्रत्येक आंबा आधी कापून बघते मगच पातेल्यात टाकते, एक जरी साक्याचा आत गेला तरी सगळ्या रसाला आंबूस चव येते.

फोडी करायच्या तर साधारण इंचभराच्या, स्टीलच्या ताटात बटर पेपरवर एकेक सुट्टी, एकमेकींना न चिकटता, आणि ताट तसंच फ्रीजरमध्ये. कडक झाल्या की मगच झिपलॉकच्या पिशवीत. ही पायरी गाळायची नाही, कारण एकदम पिशवीत भरल्या तर मोठा गोळा होतो, आतपर्यंत गोठायला फार वेळ लागतो आणि फळ जितकं हळू गोठतं तितके त्यातल्या पाण्याचे बर्फाचे कण मोठे होतात, ते गराच्या पेशी फोडतात, मग बाहेर काढलं की फोड गळून पाणी सुटतं. घरचा फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, कारखान्यातल्यासारखं झटक्यात गोठवणं आपल्याला जमत नाही, म्हणून थर पातळ ठेवायचा, एका वेळी कमी माल घालायचा आणि आदल्या रात्रीच फ्रीजर फुल्ल थंडवर करून ठेवायचा. सिंगल डोअर फ्रीजमधल्या छोट्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी सहसा होत नाही, तिथे वर्षभराची आशा धरू नका.

रसाच्या पिशव्या मी ताटात आडव्या ठेवते, पुस्तकासारख्या चपट्या गोठतात, मग उभ्या लावता येतात आणि बाहेर काढल्यावर बर्फ लवकर सुटतो. डबा असेल तर वर बोटभर जागा सोडायची, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, काचेची बरणी तर तडकतेच. पिशवीतली हवा काढायला सोपा उपाय, तोंड थोडं उघडं ठेवून पिशवी पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवायची, हवा आपोआप बाहेर पडते, मग तोंड बंद. हवा राहिली की फळ वरून सुकून पांढरट होतं, खराब नसतं पण चव जाते. रसात दूध आत्ता घालायचं नाही, किंचित लिंबू पिळलं तर रंग काळवंडत नाही.

जांभळं जूनमध्ये. पालघरकडची बहाडोलीची मिळाली तर मी दुसरीकडे बघत नाही, टपोरी असतात, त्यांना जीआय मानांकनही आहे. धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करायची, थेंब राहिला तर सगळी एकमेकांना चिकटतात. अख्खी गोठवली तर अर्धवट गोठलेलीच खायची, काळं मीठ लावून, पूर्ण सुटली तर लिबलिबीत होतात. सरबतासाठी मात्र चाळणीवर चोळून बिया काढायच्या आणि गर बर्फाच्या ट्रेमध्ये. करवंदांचा चीक मिठाच्या पाण्यात धुऊन काढायचा, बाकी तसंच. फणसाचे कापा म्हणजे कडक गरे मस्त राहतात पण दोन पिशव्यांत घाला, नाहीतर वास बर्फालाही लागतो. कलिंगडाच्या वाटेला जाऊ नका, ते जवळजवळ पाणीच.

एक गोष्ट लोक विसरतात, गोठवल्यामुळे जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. म्हणून फळं, सुरी, हात सगळं स्वच्छ, पिशवी रात्री खालच्या फ्रीजमध्ये काढून सोडवायची, ओट्यावर नाही, आणि एकदा सुटलेला रस परत गोठवायचा नाही. लाईट गेली तर दार उघडून बघायचा मोह टाळा, बंद ठेवलं तर गच्च भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास.

पिशवीवर मार्करने महिना लिहिते आणि फोडी आधी संपवते, रस जास्त टिकतो. मुलगी दिवाळीत आली की पुऱ्या आणि रस ठरलेला, पिशवीत उरलेल्या रसाचा दुसऱ्या दिवशी शिरा. तो आता आईच करतात, आणि मे उजाडला की मला विचारतात, "पिशव्या आणल्यास का गं?"