पाण्यातल्या म्हशीचं मोल

काही वर्षं मी व्हिडिओ गेमचे प्रीव्ह्यू लिहिले, म्हणजे गेम बाजारात यायच्या आधी तो थोडा खेळून त्यावर लिहायचं. आता फारसे लिहीत नाही, पण ओळखीत कुणाला नवा गेम घ्यायचा असला की प्रश्न अजून माझ्याकडेच येतो, आणि तो बहुतेक एकाच साच्यातला असतो. ‘अमक्या गेमबद्दल प्रीव्ह्यूत फार वाईट लिहून आलंय. नाद सोडू का? की हे लोक उगाच नाकं मुरडतात?’ कधी तोच प्रश्न उलटा होऊन येतो: सगळे एवढं कौतुक करतायत, तर आगाऊ पैसे भरून टाकू का? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो. नाहीतर दर वेळी मी ‘बघ बाबा, तुझं तू ठरव’ म्हणून सुटका करून घेतो.

आधी माझी फजिती. एका गेमचा प्रीव्ह्यू करायला मला तीन तास मिळाले होते. रिलीजला आठेक महिने बाकी होते. गेम जागोजागी अडखळत होता, दोनदा चक्क बंद पडला, पात्रांचे ओठ एक बोलत होते आणि आवाज दुसरंच. पण त्यात एक हूक होता, दोराला बांधलेला. तो छपराच्या कडेला फेकायचा, झोका घ्यायचा आणि थेट शत्रूच्या डोक्यावर उतरायचं. तीन तासांतले दोन मी नुसता लोंबकळत होतो. घरी येऊन लिहिलं की यंत्रणा लंगडी आहे, मशीन जुनं असेल तर दहादा विचार करा. पण हालचाल मात्र पहिल्या दर्जाची.

गेम आला तेव्हा अडखळणं गेलं होतं, एकदाही बंद पडला नाही. आणि तो हूक हाती लागत होता चौदाव्या तासाच्या आसपास. तोवर शिड्या चढायच्या आणि उतरायच्या. आम्हाला खेळायला दिलेला सेव्ह, म्हणजे आधीच खेळून साठवलेला टप्पा, गेमच्या मध्यावरचा होता. हे आम्हाला सांगितलेलं होतं, मीही ते लिहिलं होतं, पण अर्ध्या वाक्यात, कुणाच्या नजरेत भरणार नाही अशा जागी. माझं वाचून एकाने जुन्या मशीनच्या भीतीने गेम सोडला; त्याच्या मशीनवर तो सुरळीत चालला असता. दुसऱ्याने हूकसाठी घेतला, आणि तो अजून मला शिड्यांवरून टोमणे मारतो. माझ्या लेखात खोटं एकही वाक्य नव्हतं, तरी दोघंही फसले.

तेव्हापासून प्रीव्ह्यू कडक आहे की गोड, हे मी बघत नाही. तक्रार गेमच्या कुठल्या भागाबद्दल आहे, ते बघतो. गेममध्ये काही गोष्टी शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत असतात. शत्रूला मारायला किती वार लागतात हा एखाद्या तक्त्यातला आकडा असतो. कुणीतरी संध्याकाळी बसून तो बदलतो. बग म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका काढणं, चित्र न अडखळता चालावं म्हणून फ्रेमरेट सुधारणं, ओठ आणि आवाज जुळवणं ही तर शेवटच्या महिन्यांचीच कामं. ती आधी का केली नाहीत म्हणून रागावणं म्हणजे प्लॅस्टर व्हायच्या आधी भिंत खडबडीत आहे म्हणून रागावणं. दुसऱ्या बाजूला घराच्या पायात भरल्यासारख्या गोष्टी असतात. कॅमेरा कुठे आहे, दर दहा मिनिटांनी खेळाडू नेमकं करतो काय, गेम एकट्याचा आहे की चौघांचा, बक्षिसं कशी मिळतात आणि त्यांच्यामागे पुन्हा पुन्हा धावावं लागतं का. प्रत्येक नकाशा, प्रत्येक हालचाल यांच्याभोवती बांधलेली असते. हे बदलायचं तर गेमच पुन्हा बांधायला हवा.

म्हणून प्रीव्ह्यूत पायाबद्दल तक्रार दिसली की मी कान टवकारतो. ‘सुइसाइड स्क्वॉड : किल द जस्टिस लीग’चं उदाहरण बघा. हा गेम 2023च्या मे महिन्यात यायचा होता. त्या वर्षी फेब्रुवारीत त्याचा खेळ दाखवला गेला, तो पाहून बरेच जण नाराज झाले आणि रिलीज पुढे ढकललं गेलं. 2024च्या जानेवारीत पत्रकारांच्या हाती तो आला तेव्हाही अनेकांचा सूर थंडच होता. कामगिऱ्या एकसारख्या वाटतात, चार वेगळी पात्रं असूनही सगळ्यांच्या हाती शेवटी बंदूकच. हे बग नव्हते. पुढे ढकलून मिळालेल्या महिन्यांत रंगसफेदी होऊ शकते, खांब हलवता येत नाहीत. फेब्रुवारीत गेम आला, तक्रारी त्याच राहिल्या, आणि मे महिन्यात तो काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सने हिशोबात त्यापोटी 20 कोटी डॉलरचा फटका दाखवला. त्या जानेवारीत प्रीव्ह्यू वाचून हात आखडता घेणाऱ्याचे पैसे वाचले. अशा वेळी प्रीव्ह्यू लिहिणाऱ्यावर ‘गेम पूर्ण व्हायच्या आधीच बोंब मारतो’ म्हणून तुटून पडणारे चाहते मला कळत नाहीत. आधी ओरडला नाही तर त्याचा उपयोग काय?

पण इथेही एक खाच आहे. पायाबद्दलचं निरीक्षण बरोबर असू शकतं आणि त्यावरून काढलेला निकाल साफ चुकू शकतो. ‘डीमन्स सोल्स’ 2009मध्ये जपानमध्ये आला. त्याआधी 2008च्या टोकियो गेम शोमध्ये त्याला थंडा प्रतिसाद मिळाला होता. सोनीच्या सगळ्या स्टुडिओंचे तेव्हाचे प्रमुख शुहेई योशिदा यांनी तो जवळपास पूर्ण झाल्यावर दोनेक तास खेळून पाहिला. दोन तासांनंतरही ते सुरुवातीलाच मरत उभे होते, आणि हा अतिशय वाईट गेम आहे असं त्यांचं मत झालं. नंतर त्यांनी स्वतःच ही गोष्ट जाहीरपणे सांगितली. अमेरिकेत हा गेम सोनीने काढला नाही, अ‍ॅटलस या दुसऱ्या कंपनीने काढला. पुढे त्याच्या धर्तीवर गेमचं एक अख्खं घराणं उभं राहिलं, आणि 2020मध्ये प्लेस्टेशन 5 बाजारात आला तेव्हा सोबत सोनीने याच गेमची नवी आवृत्ती आणली. योशिदांना दिसलं ते खोटं नव्हतं. खेळाडू पुन्हा पुन्हा मरतो, मागे जातो, गेम काही समजावून सांगत नाही. फक्त हा दोष नसून हाच गेम आहे, हे कळायला दोन तास अपुरे होते. एवढ्या अनुभवी माणसाची ही गत, तर शोच्या गर्दीत वीस मिनिटं कंट्रोलर मिळालेल्याचं काय घेऊन बसलात?

तेव्हा प्रीव्ह्यूतलं वर्णन घ्यावं आणि विशेषणं सोडावीत. ‘कंटाळवाणं’ हा शब्द मला काही सांगत नाही. ‘एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला तीन दारं उघडायची आणि प्रत्येक दाराला किल्ली शोधायची’ हे वाचलं की मला कळतं, आणि कदाचित मला तेच आवडतं.

आता प्रीव्ह्यू ज्या खोलीत होतो तिच्याबद्दल, कारण वाचकाला ती दिसत नाही. प्रीव्ह्यू कुठे होतो? पब्लिशरने, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीने, ठरवलेल्या जागी, त्यांच्या मशीनवर, त्यांनी निवडलेल्या भागावर. पुष्कळदा जे दाखवलं जातं ते मुद्दाम कापलेली एक फोड असते. गेमचा एकच तुकडा, पण शेवटपर्यंत घासून-पुसून तयार केलेला. बाकीचा गेम त्या वेळी कच्च्या ठोकळ्यांच्या अवस्थेत असू शकतो. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, पण इथे शीत स्वयंपाक्याने निवडून दिलेलं असतं. आणि खुर्चीच्या मागे एक माणूस उभा असतो. फार सज्जन असतो. तुम्ही रस्ता चुकलात की हळूच म्हणतो, ‘डावीकडे तो पूल दिसतोय का?’ तुम्ही पूल ओलांडता, पुढे मजा येते, आणि घरी जाऊन लिहिता की गेम कसा ओघात पुढे नेतो. रस्ता कुठे जातो हे गेमने सांगितलंच नव्हतं. तुमच्या घरी मात्र तो माणूस येणार नाही. मी स्वतः या पुलावरून कितीदा गेलोय, ते सांगत नाही.

याचं टोक बघायचं तर ‘एलियन्स : कलोनियल मरीन्स’. रिलीजआधी दाखवलेला डेमो डोळे दिपवणारा होता. 2013च्या फेब्रुवारीत हाती आलेला गेम त्याच्यापुढे निस्तेज, आणि बिनडोक शत्रूंनी भरलेला. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेकडे तक्रार गेल्यावर त्याच्या पब्लिशरने, सेगाने, मान्य केलं की काही ट्रेलरमधली दृश्यं डेमोतली होती, आणि तसा खुलासा त्यांवर टाकायचं कबूल केलं. इथे गोड प्रीव्ह्यूंनी लोकांना फसवलं, पण लिहिणारे लबाड होते म्हणून नव्हे. त्यांनी जे दाखवलं गेलं ते लिहिलं. जे दाखवलं गेलं नाही ते विचारलं नाही.

कडक प्रीव्ह्यूचा खरा उपयोग मला इथे दिसतो, न दाखवलेल्या गोष्टीवर बोट ठेवण्यात. ‘नो मॅन्स स्काय’ 2013च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा दिसला आणि 2016च्या ऑगस्टमध्ये आला. मधल्या काळात त्यात खेळाडू एकमेकांना भेटू शकतात का, हे मुलाखतींमधून विचारलं जात राहिलं आणि उत्तरं साधारण होकाराकडे झुकलेली मिळत राहिली. गेम आला तेव्हा पहिल्याच दिवसांत दोन खेळाडू एका ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले, आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. पूर्ण स्वरूपातलं एकत्र खेळणं 2018च्या जुलैमध्ये अपडेटमधून आलं. ‘हे आम्ही विचारलं, हे आम्हाला दाखवलं नाही’ अशी रूक्ष दोन वाक्यं त्या वेळी ठळकपणे छापली गेली असती, तर ती शंभर सुंदर ग्रहांच्या चित्रांपेक्षा कामाची ठरली असती.

आणि मशीन कुठलं होतं? ‘सायबरपंक 2077’च्या रिलीजआधी परीक्षकांना मिळाली ती पीसीची आवृत्ती. 2020च्या 10 डिसेंबरला गेम आला तेव्हा प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढून टाकला आणि पुढच्या जूनमध्येच परत घेतला. रिलीजआधीच 80 लाख प्रती नोंदवल्या गेल्या होत्या. त्यांतल्या जुन्या कन्सोलवाल्यांसाठी छापून आलेलं बहुतेक सगळं कौतुक दुसऱ्याच मशीनबद्दलचं होतं.

मला सर्वांत जास्त राग मात्र एका वाक्याचा येतो. प्रीव्ह्यूच्या शेवटी ते हमखास असतं: ‘रिलीजपर्यंत या त्रुटी दूर होतील अशी आशा आहे.’ हे मीही लिहिलंय, आणि लिहिताना मला ठाऊक असायचं की यात विचार नाही, फक्त दार किलकिलं ठेवणं आहे. पुढचा प्रीव्ह्यू मिळायला हवा ना! वाचकाला त्यातून ना इशारा मिळतो ना दिलासा. कुठली त्रुटी दूर होण्यासारखी आहे आणि कुठली नाही, हे सांगायची हिंमत आणि समज हेच तर त्या लेखाचं काम. ते टाळायचं आणि वर आशा व्यक्त करायची. फसवणूक म्हणाल तर ही आहे, आणि ती कडक प्रीव्ह्यूतही तितकीच सापडते.

आगाऊ पैसे भरण्याबद्दल माझं मत छोटं आहे. पाण्यात म्हैस, बाहेर मोल. डिजिटल प्रत काही संपत नाही. रांगेत पहिलं उभं राहून मिळतो तो एखादा पोशाख नाहीतर बंदुकीचा रंग. उलट, स्वतः हात लावून बघायची सोय आज पुष्कळ ठिकाणी आहे. 1993मध्ये ‘डूम’ने पहिला भाग फुकट वाटला होता, आवडला तर पुढचे विकत घ्या. तो शेअरवेअरचा जमाना गेला, पण स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात डेमोंचा उत्सव भरतो. शिवाय 2015पासून तिथे विकत घेतलेला गेम दोन तासांहून कमी खेळला असाल आणि चौदा दिवस झाले नसतील तर पैसे परत मागता येतात. दोन तासांत काय कळतं, ते योशिदांच्या गोष्टीत आलंच आहे. तरी ते दोन तास तुमच्या मशीनवरचे असतात, सुरुवातीपासूनचे असतात, आणि मागे कुणी उभं नसतं.

तर, वाईट प्रीव्ह्यू वाचून गेम सोडावा का? अडखळतो, बंद पडतो, ओठ जुळत नाहीत असं लिहिलं असेल तर रिलीजनंतर आठवडाभर थांबा आणि पुन्हा वाचा. दर दहा मिनिटांनी काय करावं लागतं याबद्दल तक्रार असेल, आणि वर्णन वाचून तुम्हालाही जांभई आली, तर सोडा. वर्णन वाचून हात शिवशिवले, तर लिहिणाऱ्याला खुशाल शिव्या द्या आणि घ्या.

माझ्या फजितीचा तो गेम मी दोनेक वर्षांनी सवलतीत विकत घेतला, स्वतःच्या पैशांनी, पहिल्या दृश्यापासून. म्हटलं, निदान टोमण्यांना उत्तर तरी देता येईल. नवव्या तासापर्यंत पोचलो आणि मग कुठल्याशा बुरुजाच्या शिडीवर मध्येच तो बंद केला. सेव्ह अजून तिथेच आहे. हूक यायला पाच तास बाकी आहेत.