रविवारची बाटली, सोमवारची फेरी

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची, पण बहुतेकांचं पाऊल रविवारी रात्रीच पडतं. कुशावर्त कुंडात स्नान करायचं, त्र्यंबकराजाला हात जोडायचे आणि डोंगर उजव्या हाताला ठेवून चालू लागायचं. लहान फेरी साधारण 20 किलोमीटरची, हरिहर गडासह मोठी 40ची. आमच्यातले पुष्कळजण लहान फेरीवाले आणि अनवाणी.

गोची त्या वेळेतच आहे. फेरीच्या वाटेवरल्या पहिने गावाच्या धबधब्यांवर पावसाळी पर्यटकांची झुंबड उडते तीही रविवारीच. संध्याकाळी गाड्या नाशिककडे वळतात, फुटक्या बाटल्या तिथंच राहतात आणि काही तासांनी अंधारात त्याच रस्त्यावर आमचे तळवे पडतात. काच डांबरावर कमी, कडेच्या गवतात नि चिखलात जास्त. म्हणजे मागून हॉर्न वाजला की आपण अंग चोरून सरकतो नेमकी तिथं. दोन-तीन तास भिजलेला तळवा मऊ पडतो, गारठ्याने बधिर होतो. किरच आत गेलेली लवकर कळतही नाही.

म्हणून विजेरी आपल्या पायाशी धरा, समोरच्याच्या डोळ्यांवर नको. किरच वर दिसत असेल तर प्यायच्या पाण्याने धुऊन चिमट्याने काढा. ओहोळात पाय बुचकळू नका. खोल रुतली असेल तर उपसू नका. भोवतीने पट्टी बांधून आरोग्य पथक गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. पायात बूट घातले म्हणून फेरी बाद होत नाही, हे आमच्यातल्या हट्टी मंडळींनाही सांगावं लागतं.

हौशे-नवशे-गवशे जत्रेला आलेच. स्पीकरचा त्रास वेगळा: टाळाच्या ठेक्यावर पडणारी पावलं त्या गोंगाटात चुकतात आणि दम लवकर लागतो. घसरड्या उतारावर कुणी रील काढायला मध्येच थबकला, की मागचा त्याच्या अंगावर आणि त्याच्या मागचा चिखलात. थांबायचंच तर आधी कडेला व्हा.

आणि हो, राजगिऱ्याच्या लाडवांची वेष्टनं नि खिचडीचे द्रोण पर्यटक काही टाकत नाहीत, ते आपलेच.

घोळक्याच्या शेपटाला चालणाऱ्या दोघांकडे हा कचरा नि काच उचलायला सिमेंटची रिकामी गोणी द्यावी. साधी पिशवी काचेने फाटते आणि काच पोटरीला लागते.