‘थई जशे’ला जर्मनमध्ये काय म्हणतात?

हॅम्बुर्गच्या इंटर्नशिपचा अर्ज भरताना भाषांच्या रकान्यात मी मराठी, हिंदी, इंग्रजी आणि ‘थोडं जर्मन’ असं लिहिलं. गुजराती लिहायचं सुचलंच नाही. बडोद्यात, त्यातही दांडिया बाजारात वाढलेल्या मुलीला आपल्याला गुजराती ‘येते’ असं कधी वाटतच नाही. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, कॉलेजातल्या मैत्रिणींशी दिवसभर गुजराती आणि उंबरठ्याच्या आत आलं की मराठी. हॅम्बुर्गला गेल्यावर मात्र पाच महिने मी त्या न लिहिलेल्या भाषेच्या जोरावर काम केलं.

कंपनी मसाले आयात करणारी. आपलं जिरं, इसबगोल, तीळ ऊंझ्याच्या बाजारातून मुंद्रा बंदरात आणि तिथून जहाजाने हॅम्बुर्गला. ऊंझा आमच्यापासून दोनेकशे किलोमीटरवर, पण मी कधी तिथे गेले नव्हते. आमच्या घरात धंदा कुणी केलेलाच नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०८ साली, बँक ऑफ बडोदा निघाली. आमच्यासारख्या घरांसाठी मात्र बँक म्हणजे नोकरीची जागा. आजोबा बँकेतून निवृत्त झाले, बाबा शिक्षक. व्यापार इतरांनी करावा, हिशेब आपण तपासावेत, असं आजोबा अगदी मनापासून म्हणत. मी बीबीएला प्रवेश घेतला तेव्हा ते दोन दिवस गप्प होते.

पहिल्या दिवशी मला संगणकासमोर बसवलंच नाही. एक पांढरा ट्रे, शंभर ग्रॅम जिरं आणि चिमटा. काड्या, खडे, दुसऱ्या पिकाचं बी, तुटके दाणे वेगळे काढायचे, प्रत्येक ढिगाचं वजन करायचं, टक्के लिहायचे. उन्हाळ्यात साठवणीचं जिरं आलं की आजी हेच तर करायची. ताट जरासं तिरकं धरायचं, बोटांनी दाणे आपल्याकडे ओढायचे, खडा पलीकडे राहतो. मी नकळत ट्रे तिरका धरला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी काम थांबवून बघत राहिला, मग त्याने त्याचाही ट्रे माझ्यासारखा धरून पाहिला. त्या रात्री आजीला फोन करून हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, पण चिमट्याने कशाला?”

डोळ्यांना दिसतं ते निवडता येतं. खरी कसोटी न दिसणाऱ्याची. ज्या कीटकनाशकाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला युरोपीय संघात सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम. त्यात २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड हा जंतू मारायला वापरला जाणारा वायू सापडला आणि तपासणी फारच कडक झाली. त्यामुळे आमच्याकडे नियम असा, की नमुन्याचा अहवाल हातात आल्याशिवाय कंटेनर निघायचा नाही.

जूनमध्ये असाच एक अहवाल अडकला. ईमेलना उत्तर येईना, तेव्हा खरेदी विभागाच्या प्रमुख बाईंनी मला ऊंझ्याच्या व्यापाऱ्याला फोन करायला सांगितलं. आमचे सकाळचे आठ, ऊंझ्यात साडेअकरा. “केम छो, काका?” म्हटल्याबरोबर पलीकडचा आवाजच बदलला. बडोद्यात कुठे राहता, आडनाव तर मराठी, तिकडे जेवणाचं काय करता, अशी सगळी विचारपूस झाली. शेवटी मी विचारलं, गुरुवारपर्यंत रिपोर्ट मिळेल ना?

“थई जशे, बेन.” होऊन जाईल, ताई.

काय म्हणाले, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, “हो म्हणाले. गुरुवारी.”

माझ्या त्या ‘हो’वर बाईंनी ग्राहकाला तारीख कळवली, जहाजावर जागा घेतली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. जागा हातची गेली आणि ग्राहकाने तेवढा माल दुसरीकडून उचलला.

हॅम्बुर्गमध्ये नावाने हाक मारायची पण बोलायचं ‘तुम्ही’ म्हणून, अशी एक जुनी पद्धत आहे. त्याच पद्धतीने बाईंनी मला नावाने हाक मारून समोर बसवलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी विचारलं, “ते हो म्हणाले होते, की तुम्हाला हो ऐकायचं होतं?”

मला बोलता आलं नाही. संध्याकाळी मी श्पायशरश्टाटमध्ये जाऊन बसले. कालव्यांच्या काठाने उभ्या असलेल्या लाल विटांच्या या जुन्या वखारी. १८८३ मध्ये बांधायला घेतल्या, २०१५ पासून जागतिक वारसा. प्रत्येक इमारतीच्या माथ्याशी पोती वर ओढायची कप्पी अजून आहे. इथल्या धनिक व्यापाऱ्यांना लोक ‘मिऱ्याची पोती’ म्हणायचे. आणि याच शहरात ‘सन्माननीय व्यापाऱ्यां’ची सभा १५१७ पासून चालत आलेली आहे. शब्दाची किंमत ही इथे फार जुनी गोष्ट आहे.

पण म्हणून काका खोटं बोलले होते का? नाही. ‘थई जशे’ हा दिलासा असतो. तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून माणूस तो देतो. शिंपी देतो, गॅसवाला देतो, घरी आपणही ‘होईल गं’ म्हणतो. त्यातलं ‘बघतो’ मला फोनवर नीट ऐकू आलं होतं. लहानपणापासून ऐकलेला सूर आहे तो. तरी मी ‘हो’ सांगितलं, कारण मला चांगली बातमी घेऊन जायची होती. चूक काकांची नव्हती, माझी होती. दोन्हीकडचं कळणारी त्या खोलीत मी एकटीच होते, आणि त्यासाठीच मला तिथे बसवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या तक्त्यात दोन रकाने झाले. एकात ‘काय म्हणाले’, दुसऱ्यात ‘मला काय वाटतं’. फोनवर तीन गोष्टी विचारल्याशिवाय ठेवायचं नाही: नमुना कुठल्या प्रयोगशाळेत गेला, कुठल्या तारखेला पोचला, पावती क्रमांक काय. आणि काकांना मी गुजरातीतच सांगितलं, उशीर होणार असेल तर बिनधास्त सांगा, उशिराचं इथे चालवून घेतात. उशिरा कळलेलं चालत नाही.

येऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पाच महिन्यांसाठी येत असाल तर घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद हवा. तो द्यायला तयार नसेल ते घर घेऊ नका. अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप असेल तर किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही, म्हणून पैशांचं करारात लिहून घ्या. आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र जर्मन माणसाकडून वाचून घ्या. ‘हिने प्रयत्न केले’ असं त्यात असेल तर त्याचा अर्थ जमलं नाही असा होतो. हे कळल्यावर मी बाईंना म्हटलं, म्हणजे तुमच्याकडेही ‘थई जशे’ आहेच. त्या बराच वेळ हसल्या आणि तो शब्द त्यांनी वहीत लिहून घेतला.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, मी संगणक सुरू करत होते तेवढ्यात फोन वाजला. ऊंझ्याहून. आजवर नेहमी मीच करत आले होते.

“बेन, गुरुवारे नहीं थाय. सोमवारे पाकुं.”

मी तारीख लिहून घेतली, काकांना पावती क्रमांक विचारला आणि बाईंच्या टेबलाकडे जवळजवळ धावतच गेले.