फायर अलार्म रिले आणि एएचयू: कॉन्टॅक्टची जागा बदलावी लागली

टेबलावर फायर अलार्म पॅनल, डक्ट डिटेक्टर (हवेच्या नळातला म्हणजे डक्टमधला धूर ओळखणारा) आणि पंखा आतापर्यंत आपापले चालत होते. या पंधरवड्यात ते एकमेकांना जोडायला घेतले. डक्टमध्ये धूर आला की एएचयू (एअर हँडलिंग युनिट, खोल्यांना डक्टमधून हवा पुरवणारा पंखा) थांबला पाहिजे, एवढंच काम. तो चालू राहिला तर एका खोलीतला धूर उचलून बाकीच्या खोल्यांत नेऊन सोडतो, शिवाय आगीला ताजी हवा मिळते. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या ९०ए मानकात मिनिटाला २००० घनफुटांपेक्षा जास्त हवा देणाऱ्या सप्लाय यंत्रणेला डक्ट डिटेक्टर लागतो तो याचसाठी.

पंख्याची मोटर २३० व्होल्टची आहे, ती कॉन्टॅक्टरमधून (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) चालते. कॉन्टॅक्टरची कॉइल २४ व्होल्ट एसीची, वेगळ्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवर. त्या सर्किटमध्ये हँड-ऑफ-ऑटो सिलेक्टर (हाताने चालू, बंद किंवा आपोआप, यातलं एक निवडणारा स्विच) आहे आणि ऑटोच्या वाटेवर थर्मोस्टॅट. पॅनलच्या अलार्म रिलेचा कॉन्टॅक्ट थेट या एसी सर्किटमध्ये घातला नाही. तो ३० व्होल्ट डीसी, १ अँपियरचा आहे. शिवाय पॅनलच्या डब्यात बाहेरचा सप्लाय आणणं मला पटत नाही. पॅनल बंद करून झाकण उघडणाऱ्याला आत अजून एक वायर जिवंत आहे हे कळणार कसं? म्हणून मध्ये २४ व्होल्ट डीसी कॉइलचा रिले घेतला आणि तो कॉन्टॅक्टरच्या अगदी शेजारी बसवला. एनएफपीए ७२ सुद्धा असा रिले ज्या उपकरणाला थांबवायचं त्याच्यापासून ३ फुटांच्या आत मागतं.

कॉइल अलार्मच्या वेळी सप्लाय देऊन ओढायची की अलार्मच्या वेळी सप्लाय तोडून सोडायची, यावर दोन संध्याकाळी गेल्या. ओढायची ठरवली तर एरवी करंट लागत नाही, पण वायर कुठे तुटली तर ते आगीच्या दिवशीच समजणार. म्हणून उलट केलं. पॅनलच्या अलार्म रिलेच्या एनसी (एरवी जोडलेल्या) कॉन्टॅक्टमधून कॉइलला सतत २४ व्होल्ट, आणि रिलेचा ११-१४ हा एनओ (कॉइलला सप्लाय नसताना तुटलेला) कॉन्टॅक्ट, जो आता एरवी जोडलेला राहतो, पंख्याच्या कंट्रोलमध्ये. अलार्म झाला, वायर तुटली किंवा पॅनल मेला, तिन्ही वेळा पंखा थांबतो. कॉइल २२ मिलिअँपियर घेते. २४ तासांच्या स्टँडबायला ते साधारण ०.५३ अँपियर-तास होतात. माझी बॅटरी ७ अँपियर-तासांची आहे, तेव्हा परवडतं. पण असे दहा रिले लावणाऱ्याने बॅटरीचा हिशेब आधी करावा. कॉइलला समांतर १एन४००७ डायोड लावला, पट्टीची बाजू प्लसकडे.

पहिल्या चाचणीत एक विचित्र गोष्ट दिसली. अलार्म नसतानाही रीसेट दाबलं की पंखा दोन सेकंद बंद पडायचा. कॉइलचा सप्लाय मी स्मोक डिटेक्टरच्या रीसेट होणाऱ्या टर्मिनलवरून घेतला होता, आणि डिटेक्टर मोकळे करायला पॅनल तो सप्लाय क्षणभर तोडतं. कायम चालू राहणाऱ्या ऑक्झिलरी टर्मिनलवर हलवलं आणि प्रश्न मिटला.

दुसरी चूक यापेक्षा गंभीर होती. ११-१४ मी थर्मोस्टॅटच्या मागोमाग, ऑटोच्या वाटेवर घातला होता. ऑटोवर सगळं चोख चाललं. मग सिलेक्टर हँडवर फिरवला, डिटेक्टरला चाचणीचा धूर दिला. पॅनल ओरडतंय, रिले पडलाय, आणि पंखा निवांत फिरतोय! हँडची वाट थर्मोस्टॅटला वळसा घालते, तसाच तिने माझ्या कॉन्टॅक्टलाही वळसा घातला. प्रत्यक्ष इमारतीत दुरुस्तीनंतर सिलेक्टर हँडवरच राहिला तर हीच स्थिती. आता कॉन्टॅक्ट ट्रान्सफॉर्मरच्या फ्यूजनंतर लगेच, सिलेक्टरच्या कॉमनच्या आधी आहे. त्याच्यापुढे कोणतंही बटण कसंही फिरवा, अलार्ममध्ये कॉन्टॅक्टरला सप्लाय पोचत नाही. व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) पंखा असेल तर ड्राइव्ह आणि मोटरच्या मधली लाइन तोडू नका, रन-इनेबल इनपुट वापरा. आणि कीपॅडवरून लोकलमध्ये चालवतानाही ड्राइव्ह तो इनपुट पाळतो ना, हे करून बघा.

डिटेक्टरला मॅग्नेट लावून चाचणी करून मी थांबलो असतो तर पुढची गोष्ट दिसलीच नसती. मॅग्नेट फक्त इलेक्ट्रॉनिक्स आणि रिले तपासतो, डक्टमधली हवा डिटेक्टरपर्यंत आणणाऱ्या सॅम्पलिंग ट्यूबमधून हवा येते का हे सांगत नाही. डक्टमध्ये खरोखर धूर सोडला, तोही पॅनलवरचा डिटेक्टरचा झोन नॉन-लॅचिंग ठेवून (म्हणजे रीसेटशिवायही अलार्म सुटतो) आणि स्वतःहून मोकळं होणारं डिटेक्टर हेड लावून. पंखा थांबला. ट्यूबमधला प्रवाह पंख्यावरच अवलंबून असल्याने आत धूर येणं थांबलं. थोड्या वेळात हेड मोकळं झालं, रिलेने पंखा पुन्हा चालू केला आणि धूर परत आला. हे चक्र तीनदा पाहिलं. डक्ट डिटेक्टरचा अलार्म लॅचच का व्हावा लागतो ते वाचून माहीत होतं, पण डोळ्यांसमोर पाहिल्यावर पटलं. झोन आता लॅचिंग आहे.

तरी रीसेटनंतर पंखा आपोआप सुरू होणं मला नको आहे. हँडवर एक स्टार्ट बटण आणि कॉन्टॅक्टरच्या १३-१४ चं होल्डिंग (एकदा ओढला की कॉन्टॅक्टर स्वतःच्या कॉन्टॅक्टमधून स्वतःला धरून ठेवतो) टाकलं, म्हणजे कुणीतरी जागेवर येऊन बटण दाबल्याशिवाय तो फिरत नाही. ऑटोची वाटही आता त्याच होल्डिंगमधून नेली आहे, आणि स्टॉपचं एनसी बटण दोघांच्या आधी.

(हे सगळं टेबलावरचं आहे. चालू इमारतीच्या पॅनलला, तिथली जबाबदारी असलेल्या माणसाशिवाय, कुणी हात लावू नये.)

डॅम्पर (डक्टमधली हवा अडवणारी झडप) अजून बाकी आहे. रिलेचा दुसरा पोल, २१-२४, डॅम्पर फिरवणाऱ्या स्प्रिंग रिटर्न अ‍ॅक्च्युएटरला दिला. रिले पडला की स्प्रिंग डॅम्पर मिटवते. पंखा मात्र जडत्वाने काही सेकंद फिरतच राहतो आणि तेवढ्यात बंद डॅम्परवर दाब येतो, माझ्या अ‍ॅक्रिलिकच्या डक्टला तो ऐकू येईल इतका. सुरू होताना उलट क्रम हवा: डॅम्पर पूर्ण उघडल्यावरच स्टार्ट बटण लागू व्हावं. त्यासाठी लिमिट स्विच आणून ठेवलाय, ब्रॅकेट अजून बसायचं आहे.